अलाकाई: चांगली बोट, चुकीचा कागद

अमेरिकेच्या हवाई राज्यात एका मोठ्या बेटावरून दुसऱ्या मोठ्या बेटावर माणसाला जायचं असेल तर विमान, आणि त्याची गाडी न्यायची असेल तर बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू नाव. माणूस पाऊण तासात पोचतो, गाडी मागाहून येते. राज्यातले सुमारे दोन तृतीयांश लोक होनोलुलू शहर असलेल्या ओआहू बेटावर राहतात. मावी, कवाई आणि आकाराने सर्वांत मोठं 'बिग आयलंड' ही बाकीची मुख्य बेटं मधल्या खोल, वाऱ्याने खवळलेल्या सामुद्रधुन्यांनी तुटलेली. भाऊच्या धक्क्यावर गाडी रो-रोमध्ये चढवून तासाभरात मांडव्याला उतरणाऱ्या मुंबईकराला हे विचित्र वाटेल. समुद्राने वेढलेल्या राज्यात साधी गाड्या नेणारी बोट नसावी?

ती नव्हती, आणि प्रयत्न झालाच नव्हता असंही नाही. १९७५ ते १९७८ या काळात 'सीफ्लाइट' नावाने बोइंगच्या जेटफॉइल बोटी बेटांमध्ये धावल्या. पाण्याखालच्या पंखांवर उचलल्या जाणाऱ्या या बोटी फक्त प्रवासी नेत. तीन वर्षांत धंदा गुंडाळला गेला. मग तीसेक वर्षांनी 'हवाई सुपरफेरी' आली. तिची पहिली बोट 'अलाकाई' हा या लेखाचा विषय. बोट उत्तम होती, आजही चालते आहे. तरी जिच्यासाठी ती बांधली गेली ती सेवा दोन वर्षंसुद्धा टिकली नाही. मला ही गोष्ट जहाजबांधणीची वाटत नाही, सरकारी टेबलावरच्या एका शेऱ्याची वाटते.

बोट

अलाकाई अलाबामातल्या मोबील शहरी, ऑस्टल या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या अमेरिकन गोदीत तयार झाली. संपूर्ण अॅल्युमिनियमची, दोन अरुंद सांगाड्यांवर उभी असलेली, म्हणजे कॅटामरान. लांबी सुमारे १०७ मीटर, प्रवासी ८६६, गाड्या २८२. चार मोठी डिझेल इंजिनं आणि चार वॉटरजेट. नेहमीच्या बोटीसारखा खाली फिरणारा पंखा नाही; पाणी आत ओढून मागे जोरात फेकायचं आणि त्या झोताने पुढे जायचं. चालीचा वेग ३५ नॉट, म्हणजे ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास. होनोलुलूहून मावीच्या काहुलुई बंदरात जायला सुमारे तीन तास.

इतका वेग का शक्य होतो, हे दोन वाक्यांत सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे. रुंद पोटाची जड बोट पाणी बाजूला सारत जाते आणि वेग वाढवावा तशी स्वतःच केलेल्या लाटेशी झगडत बसते. दोन पातळ, हलके सांगाडे पाणी कापत जातात. पण हलकेपणाची किंमत असते. उंच लाटांत अशी बोट जड बोटीसारखी शांत बसून राहत नाही, ती उसळते. अलाकाईला हेलकावे कमी करणारे, संगणकाच्या इशाऱ्यावर हलणारे पाण्याखालचे पंख बसवलेले होते. त्यांनी फरक पडतो, पण लाट नाहीशी होत नाही.

३० जून २००७ ला बोट होनोलुलूत पोचली. दुसरी बोट 'हुआकाई' मोबीलमध्ये बांधायला घेतली होती. ती बिग आयलंडच्या कवाईहे बंदरासाठी. कंपनीच्या अध्यक्षपदी होते रेगन यांच्या काळातले नौदलमंत्री जॉन लेहमन. त्यांच्या गुंतवणूक कंपनीने यात मोठा पैसा घातला होता. अमेरिकेच्या केंद्रीय सागरी प्रशासनाने, म्हणजे मॅरॅडने, सुमारे १४ कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली होती. हवाई राज्याने बंदरांत रॅम्प, तरंगते बार्ज आणि बाकी सोयींसाठी सुमारे ४ कोटी डॉलर लावले. इथेच मेख आहे.

फेब्रुवारी २००५ चा शेरा

हवाईच्या पर्यावरण कायद्यात सरकारी पैसा किंवा सरकारी जमीन वापरून काही करायचं झालं, तर आधी परिणामांचा अभ्यास करावा लागतो. किरकोळ कामांना सूट आहे: धक्क्याची डागडुजी, जुनं काढून नवं बसवणं, असं. फेब्रुवारी २००५ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने सुपरफेरीसाठीची बंदरातली कामं या सुटीत बसवली. युक्तिवाद असा, की आपण फक्त रॅम्प आणि बार्ज लावतो आहोत. त्याने पर्यावरणाला काय होणार?

वरवर पाहता हे खोटं नव्हतं. रॅम्प तो रॅम्पच. पण तो रॅम्प एकाच कामासाठी होता: ३५ नॉटने धावणारी, शेकडो गाड्या नेणारी बोट तिथे रोज लागावी म्हणून. आपल्याकडे हायवेचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा मंजुरीच्या मर्यादेखाली बसवतात, तसाच हा प्रकार. कामाचा सरकारी भाग तेवढा बघायचा आणि ते काम ज्याच्यासाठी चाललं आहे त्याच्याकडे पाठ फिरवायची.

असा शेरा का मारला गेला, याचं उत्तर पुढे २००८ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी दोन अहवालांत दिलं. कंपनीने अर्थपुरवठ्यासाठी मुदत घालून दिली होती, आणि पूर्ण अभ्यासाला लागणारा वेळ त्या मुदतीत बसत नव्हता. खात्याने मुदतीपुढे मान तुकवली. अहवालात बार्ज आणि रॅम्पच्या निवडीवरही ताशेरे आहेत, कारण बोटीलाच स्वतःचा रॅम्प लावला असता तर एवढा खर्च बंदरात ओतावा लागला नसता. गंमत म्हणजे दुसरी बोट, हुआकाई, स्वतःचा रॅम्प घेऊनच तयार झाली.

इथे विरोधकांची भूमिका नीट मांडायला हवी, कारण पुष्कळदा 'पर्यावरणवाल्यांनी बोट बुडवली' एवढ्यावर ही गोष्ट संपवली जाते. सिएरा क्लब आणि मावी टुमॉरो या पर्यावरणवादी संस्था आणि काहुलुई बंदराशी संबंधित एक गट यांनी खटला भरला, तो बोट बंद करा म्हणून नव्हे. अभ्यास करा म्हणून. मावी, कवाई आणि बिग आयलंडच्या काउंटी परिषदांनीही तेच मागितलं होतं. कारणं हवेतली नव्हती. हिवाळ्यात अलास्काकडून हम्पबॅक देवमासे हवाईच्या उथळ पाण्यात पिल्लं घालायला येतात, आणि मावी, लानाई, मोलोकाई या बेटांच्या मधला समुद्र त्यांचं खास ठिकाण. वेगवान बोटीची धडक त्यांना जीवघेणी ठरू शकते. बेटांची जैवसृष्टी वेगवेगळी आहे. बिग आयलंडवर कोकी बेडकांनी रात्रीची झोप उडवली होती, आणि मधमाश्यांवर पडणारा व्हॅरोआ माइट हा परजीवी २००७ मध्ये ओआहूवर सापडला होता. विमानातून बेडूक सहसा येत नाही. गाडीच्या चाकाच्या चिखलातून बरंच काही येतं. शिवाय काहुलुई हे छोटं बंदर: मालाची बार्ज, क्रूझ जहाजं आणि वल्ह्याच्या होड्यांचे क्लब आधीच दाटीवाटीने राहत होते.

ओआहूच्या माणसाला मात्र हे सगळं आडकाठीसारखं दिसलं. त्यालाही कारण होतं: नातेवाईक दुसऱ्या बेटावर, सामान न्यायचं, विमानाचं भाडं परवडत नाही. शेतमाल नेणाऱ्याला बोट हवी होती. मला तरी हा भांडणाचा सगळ्यात कठीण भाग वाटतो, कारण दोन्ही बाजूंचे लोक सामान्यच होते.

तीन दिवसांचा ऑगस्ट

२३ ऑगस्ट २००७ ला हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: सूट चुकीची, पर्यावरणीय अभ्यास करायलाच हवा. खात्याने बोटीमुळे होणारे पुढचे परिणाम बघितलेच नाहीत, हे न्यायालयाचं मुख्य म्हणणं.

शहाण्या कंपनीने इथे चार दिवस थांबून वकिलांशी बोललं असतं. या कंपनीने उलट केलं. सेवा २८ ऑगस्टला सुरू व्हायची होती, ती अलीकडे ओढून २६ ला, रविवारी, सुरू केली. तिकीट ५ डॉलर. पाच डॉलरमध्ये मावी म्हटल्यावर लोक तुटून पडणारच. एकदा बोट धावायला लागली, लोकांना आवडली, की मग तिला थांबवणार कोण, असा हिशोब असावा. आपल्याकडे अनधिकृत बांधकामाला रातोरात छप्पर घालतात, तो हिशोब.

सकाळची मावीची फेरी झाली. संध्याकाळी बोट कवाईच्या नाविलिविली बंदराच्या तोंडाशी आली, तेव्हा सर्फबोर्डांवर बसलेली माणसं पाण्यात आडवी उभी होती, आणि किनाऱ्यावर शेकड्यांनी जमाव. १०७ मीटरची बोट आणि तिच्यासमोर दीड-दोन मीटरच्या फळीवर पालथी पडलेली पोरं. सुमारे दीड तासाने तटरक्षक दलाने वाट मोकळी केली आणि बोट धक्क्याला लागली. दुसऱ्या दिवशी, २७ ला, पुन्हा तेच. या वेळी पाण्यातली माणसं हटली नाहीत. बोट बंदराबाहेर ताटकळली आणि प्रवासी व गाड्यांसकट होनोलुलूला परत फिरली. त्याच दिवशी मावीच्या न्यायालयाने तिथल्या फेऱ्यांना तात्पुरती स्थगिती दिली. २८ ला कवाईची सेवा थांबवली, ती कायमची. अलाकाई कवाईच्या धक्क्याला लागली ती एकदाच.

त्या पहिल्या फेऱ्यांतल्या एका गोष्टीकडे फारसं लक्ष गेलं नाही. मावीहून परतणाऱ्या काही पिकअप ट्रकांत नदीतले गोटे भरलेले सापडले. जमिनीत खड्डा करून भाजायची हवाईयन भट्टी, 'इमू', तिला असे दगड लागतात. ओआहूवर चांगले दगड मिळेनासे झालेले, मावीवर भरपूर. अभ्यास झाला असता तर त्यात बेडूक आणि देवमासे आले असतेच. पण कोणी दगड भरून नेईल, हे मावीच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारल्याशिवाय कळलं नसतं. जनसुनावणी ती याचसाठी असते.

वरातीमागून घोडं

९ ऑक्टोबर २००७ ला मावीच्या न्यायाधीशांनी स्थगिती कायम केली. मग राज्यपाल लिंडा लिंगल यांनी विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं, आणि २ नोव्हेंबरला नवा कायदा सहीनिशी तयार झाला. त्याचं सार एवढंच: अभ्यास करायचा, पण तो चालू असताना बोटही धावायची. आधी वरात, मागून घोडं. कायद्याने आणि त्याखालच्या आदेशांनी अटी पुष्कळ घातल्या: देवमाशांच्या हंगामात वेग कमी, वेगळा मार्ग, टेहळणीला माणसं, प्रत्येक गाडीची तपासणी. पण 'आधी अभ्यास, मग निर्णय' हा कायद्याचा गाभाच त्यातून गळाला होता.

भारतातल्या वाचकाला हा वाद नवा नाही. काम सुरू झाल्यानंतर पर्यावरण मंजुरी देता येते का, यावर मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये 'नाही' म्हटलं आणि नोव्हेंबरमध्ये वेगळ्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला. उभ्या झालेल्या गोष्टीचं काय करायचं, हा प्रश्न सगळीकडे सारखाच अवघड असतो. आणि म्हणूनच काहीजण ती आधी उभी करतात.

१३ डिसेंबर २००७ ला होनोलुलू–काहुलुई फेरी पुन्हा सुरू झाली. हवाईच्या सामुद्रधुन्यांत बोटसेवा हिवाळ्यात सुरू करणं म्हणजे कोकणात बोटसेवेचा नारळ आषाढात फोडणं. ओआहू आणि मोलोकाई यांच्यामधली काइवी सामुद्रधुनी जगातल्या दांडग्या समुद्रांपैकी एक. देवमाशांना टाळण्यासाठी मोलोकाईच्या उत्तरेचा मार्ग धरला, तर तिकडे ईशान्येचा वारा आणि उघडा महासागर. लोकांना बोट लागली, आणि ती चांगलीच लागली. उलटीच्या पिशव्यांच्या बातम्या छापून आल्या. खराब हवेमुळे फेऱ्या रद्द होऊ लागल्या. काहुलुईच्या आत येणाऱ्या लाटांच्या ओढीने तिथला तरंगता बार्ज हलायचा, दोर तुटायचे, त्याला दाबून धरायला टग बोट लागायची.

फेब्रुवारी २००८ मध्ये सुकाणूच्या भागात तडे सापडले. दुरुस्तीला सुक्या गोदीत नेली, तर गोदीतच सांगाड्याला इजा झाली. बोट एप्रिलमध्ये परतली. दरम्यान ३१ मार्चला अलोहा एअरलाइन्स या हवाईतल्या विमानकंपनीची प्रवासी विमानं बंद पडली. बोटीसाठी याहून चांगली संधी कोणती असेल? पण त्याच उन्हाळ्यात कच्चं तेल पिंपाला १४० डॉलरपलीकडे गेलं. ३५ नॉटने धावणारी बोट डिझेल पिते. वेग थोडा वाढवायचा तर इंधन खूप वाढतं. वेगावर उभ्या असलेल्या धंद्याला इंधनाचा भाव लगेच झोंबतो.

तरी २००८ च्या उन्हाळ्यात समुद्र निवला तेव्हा बोट व्यवस्थित धावली. लोक गाड्या घेऊन गेले, कुटुंबं गेली, भाजीपाला गेला. एखादी सेवा रुळते तशी ही रुळत होती. म्हणूनच पुढचं वाचताना थोडं वाईट वाटतं.

१६ मार्च २००९

त्या दिवशी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००७ चा कायदाच घटनाबाह्य ठरवला. कारण पर्यावरण नव्हतं. हवाईच्या राज्यघटनेनुसार सरकारी जमिनीबद्दलचे अधिकार विधिमंडळाने सर्वसाधारण कायद्यानेच वापरायचे असतात; एकासाठी खास कायदा करायचा नाही. या कायद्यात सुपरफेरीचं नाव नव्हतं, 'मोठ्या क्षमतेच्या फेरी कंपन्या' असा शब्दप्रयोग होता. पण अटी आणि मुदत अशी बेतलेली होती, की त्या वर्गात दुसरं कोणी बसणं शक्यच नव्हतं. अंगरखा एकाच माणसाच्या मापाचा शिवायचा आणि 'सर्वांसाठी' अशी पाटी लावायची, हे न्यायालयाला चाललं नाही.

तीन दिवसांनी, १९ मार्चला, अलाकाईची शेवटची फेरी झाली. दोनशेहून अधिक लोकांची नोकरी गेली. ३० मे रोजी कंपनीने डेलावेअरच्या न्यायालयात दिवाळखोरी जाहीर केली. बांधून तयार झालेल्या हुआकाईने हवाईत एकही व्यावसायिक फेरी केली नाही.

आता हिशोब मांडून बघा. पूर्ण अभ्यास २००५ मध्ये सुरू झाला असता, तर बोट बांधली जाईपर्यंत दोन वर्षं हातात होतीच. फार तर सेवा वर्षभर उशिरा सुरू झाली असती. हिवाळ्यातल्या लाटा, काहुलुईचा हलणारा बार्ज, उत्तरेचा खडबडीत मार्ग, हे सगळं कागदावर आधी आलं असतं. आणि बंदरातला पैसा कदाचित वेगळ्या तऱ्हेने लागला असता. अभ्यासानंतरही बोट तोट्यात गेली असती, हे शक्य आहे. तेलाचा भाव आणि मंदी कोणाच्या हातात नव्हती. पण तो धंद्याचा पराभव ठरला असता. इथे बोटीला धंद्यात हरायची संधीसुद्धा मिळाली नाही.

'लेहमन नौदलाचे, म्हणजे ही बोट खरं तर लष्करासाठीच' असा संशय तेव्हा कवाईत घरोघरी होता. पुढे जे झालं त्यामुळे तो संशय धरणाऱ्यांना 'आम्ही म्हणत होतोच' म्हणायची सोय झाली. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. अॅल्युमिनियमच्या मोठ्या कॅटामरान बोटी नौदल आधीपासून भाड्याने घेतच होतं, आणि बाजारात बिनकामाच्या दोन बोटी पडल्यावर गिऱ्हाईक तेच असणार.

पुढचा जन्म

जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा हुआकाई मदतीला धाडली गेली. उथळ, मोडक्या बंदरात स्वतःचा रॅम्प टाकणारी वेगवान बोट तिथे उपयोगी पडली. त्याच वर्षी लिलावात मॅरॅडने दोन्ही बोटी प्रत्येकी अडीच कोटी डॉलरला घेतल्या. हमीदार तेच आणि खरेदीदारही तेच. २०१२ मध्ये त्या अमेरिकन नौदलाकडे गेल्या: हुआकाईची 'ग्वाम' झाली आणि अलाकाईची 'प्वेर्तो रिको'.

ग्वाम नौदलाच्या कामाला लागली. अलाकाई मात्र २०१६ मध्ये पुन्हा प्रवाशांकडे आली, प्रशांत महासागर सोडून अटलांटिकवर. कॅनडाच्या बे फेरीज कंपनीने ती नौदलाकडून भाड्याने घेतली, साउथ कॅरोलिनात डागडुजी केली, अंगावर मोठ्या अक्षरांत 'द कॅट' रंगवलं आणि नोव्हा स्कोशिया प्रांतातलं यारमथ ते अमेरिकेच्या मेन राज्यातलं पोर्टलंड अशी उन्हाळी सेवा सुरू केली. फेरीला साडेपाच तास. २०१९ साठी मार्ग आखडून मेनमधल्याच बार हार्बरला न्यायचं ठरलं, पण तिथलं टर्मिनल वेळेत तयार झालं नाही आणि तो हंगाम वाया गेला. पुढची दोन वर्षं कोविडने खाल्ली. २०२२ मध्ये अखेर यारमथ–बार हार्बर फेरी सुरू झाली, साडेतीन तासांची.

या सेवेचा खर्च तिकिटातून भागत नाही. नोव्हा स्कोशियाचं सरकार दरवर्षी अनुदान देतं, आणि त्यावरून तिथे दरवर्षी भांडण होतं. एका अर्थी हे हवाईपेक्षा सरळ आहे. पैसे कोण देतं ते सगळ्यांना दिसतं, भांडण विधानसभेत होतं, आणि बोट धावत राहते. तिथल्या समुद्रातही देवमासे आहेत, हम्पबॅकही आणि त्याहून दुर्मीळ राइट व्हेलही, चारशेच्या आतच उरलेले. पण ही बोट फक्त उन्हाळ्यात धावते. काइवीसारखा हिवाळा तिच्या वाट्याला येत नाही.

हवाईत त्यानंतर आंतरबेट फेरीचे प्रस्ताव आले, समित्या बसल्या. होनोलुलूच्या माणसाला मावीला गाडी न्यायची असेल, तर तो अजूनही ती बार्जवर चढवायला देतो आणि स्वतः विमानतळाकडे जातो.